वाट पाहण्याचे भाडे कोणी द्यायचे?



२०२५ च्या मे महिन्यात आमच्या घराच्या स्लॅबवर सोलरच्या चार प्लेटा बसवून तयार होत्या. पारा ४४ च्या वर. यवतमाळ जिल्ह्यातला उन्हाळा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. वर एवढे ऊन फुकट सांडत होते आणि खाली घरात पंखा फिरत होता तो डीपीवरून येणाऱ्या विकतच्या विजेवर, तीही येईल तेव्हा. प्लेटा बसवून ५२ दिवस झाले होते. चालू करता येत नव्हत्या, कारण मीटर नव्हते. मीटर नव्हते, कारण मंजुरी नव्हती. मंजुरी का नव्हती, हे कोणी सांगत नव्हते. कारभारीण एक दिवस वर जाऊन पाहून आल्या आणि म्हणाल्या, "वीज तर नाहीच, वर कुरडया वाळत घालायची जागाही गेली."

हसण्यासारखी गोष्ट आहे, मीही हसलो. पण बँकेचा हप्ता एप्रिलपासून सुरू झाला होता आणि बँकेला हसू येत नाही.

आधी माझा हिशेब सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे हवेतले वाटणार नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये घरावरच्या सोलरची योजना आणली. २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार रुपये अनुदान, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. मी २ किलोवॅटचे घेतले. खर्च १ लाख ३० हजार. त्यातले १५ हजार घरचे, बाकी कर्ज. अनुदानाचे ६० हजार मिळणार ते काम चालू झाल्यावर, आधी नाही. जानेवारीत अर्ज केला तेव्हा कळले की वीजजोडणी अजून वडिलांच्याच नावावर आहे. वडील २०११ मध्ये गेले. चौदा वर्षे मी त्यांच्या नावाचे बिल भरत होतो आणि कोणाचेच काही अडले नव्हते. नाव बदलण्यात दीड महिना गेला. ती चूक माझी, तिचा दोष मी दुसऱ्याला देणार नाही. तुमच्यापैकी निम्म्यांची जोडणी आजही आजोबाच्या नाहीतर बापाच्या नावावर असेल. सोलर घ्यायचे असो वा नसो, घरी गेल्यावर बिल काढून नाव पाहा.

१८ मार्चला प्लेटा चढल्या. एका दिवसात काम झाले. सोलरवाल्याची पोरे चलाख होती, संध्याकाळी जेवून गेली. तो म्हणाला, "दादा, पंधरा दिवसांत मीटर येते." मीटर आले ९ जुलैला. ११३ दिवस. या ११३ दिवसांत सोलरवाला म्हणत होता की त्याने काम पूर्ण झाल्याचा कागद २० मार्चलाच टाकला. कचेरी म्हणत होती की कागद अपुरा होता, प्लेटांवरच्या नंबरांचा फोटो नीट दिसत नव्हता, नीट कागद १२ मे रोजी आला. मग मीटर तपासणीला गेले. मग तपासणी झालेले मीटर शिल्लक नव्हते. मग मीटर आले तर ते लावणारा माणूस रजेवर. सहा फेऱ्या मी तालुक्याला मारल्या. प्रत्येक टेबलावरचा माणूस माझ्याशी चांगलेच बोलला हेही सांगतो. कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी हाकलले नाही. सगळे म्हणत होते, "आमच्याकडून झालेय काका, पुढे आहे." ९ जुलैला वायरमन आला, वीस मिनिटांत मीटर लावले, चहा घेतला आणि गेला.

२ किलोवॅटच्या प्लेटा आपल्या भागात दिवसाला सरासरी आठ युनिट देतात. जूनचे ढग वजा केले तरी त्या ११३ दिवसांत ८०० युनिट नक्की वाया गेले. त्याच काळात बँकेचे चार हप्ते गेले, हप्ता १,७०० च्या घरात. अनुदान लांबले म्हणून पूर्ण रकमेवर व्याज चढत राहिले ते वेगळे. हे नुकसान कोणाच्या वहीत लिहिले गेले? माझ्या. सोलरवाल्याला त्याचे पैसे बँकेकडून मिळून गेले होते. कचेरीतल्या पगाराला काही धक्का नव्हता. बँकेला हप्ता मिळत होता. म्हणजे चार जणांच्या व्यवहारात वाट पाहण्याचा खर्च एकट्याने सोसला, आणि तोही नेमका त्याने, ज्याच्या हातात ती वाट कमी करण्याचे काहीच नव्हते.

आपल्याला हे नवीन नाही. 'पेड पेंडिंग' हा शब्द आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही कळतो. विहिरीवर जोडणीसाठी कोटेशन भरले, पावती घेतली, आणि मग वर्षानुवर्षे खांबाची वाट पाहिली. पैसे भरून वाट पाहणाऱ्यांची संख्या इतकी झाली की त्यांच्यासाठी सरकारी भाषेत वेगळा रकाना करावा लागला. रकाना केला म्हणजे जणू काम झाले. १९७२ मध्ये कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हापासून ज्यांनी केंद्रावर बंड्या लावल्या त्यांना तर आठवतच असेल. थंडीत दोन-दोन रात्री बैलांसकट रांगेत, माप झाले की चुकारा हप्त्याहप्त्याने. तेव्हाही वाट पाहणारा आपणच, आणि ज्याच्यासाठी थांबलो त्याला घाई नव्हती. २०१७ मध्ये तुरीच्या वेळी बारदाना संपला म्हणून काटा बंद. बारदाना आणायचे काम ज्याचे, त्याची तूर उघड्यावर पडलेली नव्हती.

आता अमेरिकेची गोष्ट सांगतो. तुम्ही म्हणाल, हा माणूस स्लॅबवरून एकदम सातासमुद्रापार कुठे निघाला? त्याचे असे झाले. माझा पुतण्या कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. जूनमध्ये त्याचा फोन आला तेव्हा मी तावातावाने ही कहाणी ऐकवली. तो म्हणाला, "काका, आमच्याकडेही थांबावेच लागते. घरावर प्लेटा बसल्या, गावच्या नगरपालिकेचा माणूस पाहून गेला, तरी वीज कंपनीचे 'चालू करा' असे पत्र आल्याशिवाय बटण दाबता येत नाही. मी सात आठवडे थांबलो." मी विचारले, "आणि हप्ता?" तो म्हणाला, "हप्ता नाही काका. प्लेटा माझ्या नाहीतच, भाड्याच्या आहेत. भाडे सुरू झाले ते पत्र आल्यावर."

हे ऐकून मी जागीच बसलो. भाड्याच्या प्लेटा! तिकडे २००८ च्या आसपासपासून ही पद्धत वाढली. कंपनी स्वतःच्या पैशाने तुमच्या छपरावर प्लेटा बसवते, मालकी तिची, दुरुस्ती तिची. तुम्ही २० किंवा २५ वर्षे दरमहा भाडे द्यायचे, वीज तुम्ही वापरायची. आणि बहुतेक करारांत भाडे सुरू होते ते वीज कंपनीची परवानगी आल्यानंतर.

यातले मर्म पाहा. पुतण्याचे सात आठवडे गेले, पण त्या सात आठवड्यांत पैसा कोणाचा अडकला होता? भाडेवाल्या कंपनीचा. माल तिचा, मजुरी तिची, आणि उत्पन्न शून्य. म्हणून कचेरीत फेऱ्या कोणी मारल्या? कंपनीच्या माणसाने. पुतण्या घरी बसून होता. त्याने एकदाही विचारणा केली नाही, तिकडूनच त्याला फोन यायचे की आज कागद इथपर्यंत पोहोचला. ज्याचा पैसा अडकतो त्याला झोप लागत नाही, आणि ज्याला झोप लागत नाही तोच धावतो. माझ्या व्यवहारात सोलरवाल्याचे पैसे मोकळे झाले होते, म्हणून तो निवांत आणि मी फेऱ्या मारीत होतो. प्लेटा त्याच, ऊन तेच, कचेरी थोड्याफार फरकाने तशीच. फरक एवढाच की करारात वाट पाहण्याचे दिवस कोणाच्या अंगावर टाकले आहेत.

म्हणून तिकडे सगळे सुखाचे आहे असे समजू नका. भाड्याच्या प्लेटांचे पाणी मी पुढे सांगतोच. पण आधी हवाई बेटांची गोष्ट, कारण वाट पाहण्याचा तो मोठा धडा आहे.

हवाई हे अमेरिकेचे समुद्रातले राज्य. वीज बनवायला तेल बोटीने आणावे लागते, म्हणून वीज फार महाग. साहजिकच लोकांनी छपरावर प्लेटा चढवल्या. ओआहू बेटावर दहा घरांमागे एक इतके प्रमाण झाले. सप्टेंबर २०१३ मध्ये तिथल्या वीज कंपनीने नियम बदलला. ज्या भागातल्या तारांवर आधीच सोलर जास्त आहे, तिथे आधी आमची मंजुरी, मग जोडणी. हजारो कुटुंबे अडकली. काहींनी करार केले होते, काहींच्या छपरावर माल चढलाही होता. कर्ज काढलेले लोक एका हाताने कर्जाचा हप्ता आणि दुसऱ्या हाताने वीजबिल भरत वर्ष-वर्ष थांबले. कंपनीचे म्हणणे होते की दुपारी एवढी वीज उलटी आली तर तारा आणि यंत्रे बिघडतील. यात तथ्य अजिबात नव्हते असे मी म्हणत नाही. पण मग सरकारी प्रयोगशाळेच्या मदतीने इन्व्हर्टरच्या चाचण्या झाल्या आणि निघाले असे, की तारा समजत होते त्यापेक्षा खूप जास्त सोसू शकतात. दुपारच्या कमीत कमी मागणीच्या १२० टक्क्यांवर अडवलेली मर्यादा २५० टक्क्यांवर नेली गेली. चाचणी आधी केली असती तर? ती करण्याची घाई कोणाला असायची? कंपनीचे बिल तर लोक भरतच होते.

आणि शेवट कसा झाला? ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथल्या नियामक आयोगाने युनिटला युनिट वजा करण्याची पद्धत नव्या ग्राहकांसाठी बंदच केली. म्हणजे वाट पाहणाऱ्याचे नुसते दिवस जात नाहीत. तो रांगेत उभा असताना पुढच्या खिडकीतला भावही बदलू शकतो. कापूसवाल्याला हे समजावून सांगायला नको.

नेवाडा राज्यात डिसेंबर २०१५ मध्ये याहून वाईट झाले. ज्यांच्या प्लेटा चालू होत्या त्यांचाही भाव पाडला आणि स्थिर आकार वाढवला. भाड्याने प्लेटा देणाऱ्या मोठ्या कंपनीने त्या राज्यातले नवे काम थांबवले. लोक खवळले, तेव्हा २०१६ मध्ये जुन्या ग्राहकांना जुने नियम परत मिळाले आणि २०१७ मध्ये त्यावर कायदा झाला.

इथे मंजुरी देणाऱ्यांच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. प्लेटा लावल्या आणि वायर थेट तारेला जोडली, असे करता येत नाही, करूही नये. लाइन बंद आहे असे समजून वायरमन खांबावर चढतो आणि कोणाच्या तरी घरातून उलटी वीज येते, त्यात माणूस जातो. म्हणून तारेला जोडलेल्या सोलरचा इन्व्हर्टर असा असतो की बाहेरची वीज गेली की तो स्वतःच बंद पडतो. (ही गोष्ट सोलरवाले विकताना सांगत नाहीत. बॅटरी नसेल तर लोडशेडिंगमध्ये भर दुपारी तुमच्या प्लेटाही मेलेल्याच. मला ही गोष्ट मीटर लागल्यावर तिसऱ्या दिवशी कळली, आणि कारभारणीच्या तोंडून जे ऐकले ते इथे छापता येणार नाही.) तर तपासणी हवी. माझी तक्रार तपासणीबद्दल नाही. वीस मिनिटांच्या तपासणीला ११३ दिवस लागले आणि त्या दिवसांना कोणी मालक नव्हता, ही माझी तक्रार आहे.

आता मुद्द्याचे. भाड्याच्या प्लेटा आपल्याकडेही येत आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने याच घरगुती योजनेत दुसरी पद्धत घातली. कंपनी आपल्या पैशाने तुमच्या छपरावर प्लेटा बसवील, तुम्ही तिला वापरलेल्या विजेचे पैसे द्यायचे, किमान पाच वर्षांचा करार, आणि नंतर यंत्रणा घरमालकाची. कंपनीचे पैसे बुडू नयेत म्हणून सरकारने १०० कोटींचा निधीही ठेवला. ग्राहकाचे दिवस बुडू नयेत म्हणून कोणता निधी ठेवला, ते विचारायला हरकत नाही. ज्याच्याकडे १५ हजार रोख नाहीत आणि बँक ज्याला दारात उभे करत नाही, अशा कोरडवाहू माणसाला ही पद्धत बरी वाटेल. वाटावीच. दोन-तीन खोल्यांच्या घराला १ किलोवॅट पुरते. तेवढ्यातून महिन्याला १०० ते १२० युनिट निघतात आणि आपल्यापैकी पुष्कळांचे घरचे बिल त्याच्या आतच असते. पण उद्या गावात गाडी येईल, टाय लावलेला पोरगा उतरेल, 'एक रुपया द्यायचा नाही काका, फक्त सही' म्हणेल, तेव्हा सही करण्याआधी काय पाहायचे ते आज बोलून ठेवू.

सगळ्यात आधी हे पाहा की पैसे कोणत्या दिवसापासून सुरू होतात. सहीच्या दिवसापासून नाही, प्लेटा चढल्याच्या दिवसापासूनही नाही. दुहेरी मीटर लागून पहिले युनिट निघाले त्या दिवसापासून. हे वाक्य करारात मराठीत लिहून घ्या. ते नसेल तर सही करू नका, मग तो पोरगा कितीही गोड बोलो. हे एक वाक्य असले की कचेरीच्या फेऱ्या आपोआप त्याच्या डोक्यावर जातात.

दुसरे म्हणजे बाहेर पडण्याची वाट. सही झाल्यावर अमुक इतक्या दिवसांत प्लेटा चढल्या नाहीत, किंवा चढून अमुक दिवसांत चालू झाल्या नाहीत, तर करार रद्द आणि माल काढून नेण्याचा खर्च त्याचा. अमेरिकेत सनपॉवर नावाची मोठी जुनी कंपनी होती. जुलै २०२४ मध्ये तिने नवे भाडेकरार थांबवले आणि ऑगस्टमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्यांचे काम अर्धवट होते त्यांच्या छपरावर अर्धवटच राहिले. जून २०२५ मध्ये सनोव्हा नावाची दुसरी कंपनी त्याच वाटेने गेली. तिकडच्या सुशिक्षित, वकील ठेवणाऱ्या लोकांची ही गत. आपल्या गावात स्लॅबला भोके पाडून कंपनी पळाली तर पावसाळ्यात टपकणारे पाणी कोणाच्या नावावर लावायचे?

भाडेवाढीकडेही नजर ठेवा. तिकडच्या कितीतरी करारांत भाडे दरसाल २.९ टक्क्यांनी चढते. ऐकायला किरकोळ. पण गुणाकार करून पाहा, विसाव्या वर्षी भाडे पहिल्या वर्षाच्या पावणेदोनपटीजवळ जाते. प्लेटा मात्र वर्षागणिक थोडी थोडी कमीच वीज देतात. आपल्या कापसाचा भाव दरसाल २.९ टक्क्यांनी वाढेल असे कोणी लिहून देत असेल तर खुशाल अशी सही करा.

आणि घराचे काय? तिकडे घर विकायचे झाले की प्लेटांचा करार नव्या मालकाच्या गळ्यात घालावा लागतो, तो नाही म्हणाला की सौदा अडतो. आपल्याकडे घर विकत नाहीत, वाटतात. चार वर्षांनी दोन भाऊ वेगळे झाले, मधे भिंत पडली, प्लेटा एकाच्या बाजूला, मीटर दुसऱ्याच्या. अशा वेळी काय, हे करारात नसते. कारण करार लिहिणाऱ्याने आपले घर पाहिलेले नसते. ज्यांचे घर शेतात आहे आणि वीज पंपाच्या जोडणीवरून घेतलेली आहे, त्यांनी तर आधीच समजून घ्यावे की ही योजना घरगुती जोडणीसाठी आहे.

पण भाड्याचे राहू द्या. ज्यांनी माझ्यासारख्या स्वतःच्या प्लेटा घेतल्या त्यांच्यासाठीही कायद्यात एक गोष्ट आहे, आणि ती मला सहा फेऱ्यांत एकाही टेबलाने सांगितली नाही. वीज (ग्राहक हक्क) नियम २०२० मध्ये आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. १० किलोवॅटपर्यंतच्या सोलरचा अर्ज पूर्ण असेल तर तांत्रिक तपासणीची वाट न पाहता तो मान्य झाला असे धरायचे. काम पूर्ण झाल्याचा कागद दिल्यापासून १५ दिवसांत करार, मीटर आणि चालू करणे, सगळे उरकायचे. आधी ही मुदत ३० दिवस होती. आणि योग्य कारणाशिवाय उशीर झाला तर ग्राहकाला भरपाई, दर आयोगाने ठरवायचा, पण उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपयांपेक्षा कमी नाही.

पाचशे रुपये रोज! कापूस वेचणीच्या दिवसात एवढी मजुरी एका माणसाला पडत नाही. मग हे पाचशे आजवर आपल्या ओळखीत कोणाला मिळाल्याचे ऐकले का? मी चाळीस-पन्नास जणांना विचारले, एकालाही नियमच ठाऊक नव्हता. 'योग्य कारणाशिवाय' या शब्दांत एक भोक आहे, हे मलाही दिसते. मीटर शिल्लक नाही हे योग्य कारण आहे का? आपले बिल भरायला उशीर झाला आणि आपण सांगितले की साहेब, पैसे शिल्लक नव्हते, तर ते योग्य कारण धरतात का? दंड लावतात, मग जोडणी तोडतात. तोच न्याय दोन्हीकडे लावा, जास्त काही मागत नाही.

खरी अडचण मात्र भोकाची नाही, तारखेची आहे. १५ दिवस मोजायचे कुठून? कागद कधी दिला ते शेतकऱ्याला माहीतच नसते. सगळे सोलरवाला भरतो, मोबाइलवर आलेला आकडा आपण त्याला वाचून दाखवतो आणि विसरतो. माझ्या बाबतीत सोलरवाला २० मार्च म्हणतो, कचेरी १२ मे म्हणते. मधल्या ५३ दिवसांचा धनी कोण? माझ्याकडे कागद असता तर हा प्रश्नच आला नसता. म्हणून सांगतो, काम झाले की सोलरवाल्याकडून त्याच दिवशी कागदाची प्रत घ्या, दाखल केल्याची पोच कागदावर काढून घ्या, आणि आपल्या हाताने एक साधा अर्ज कचेरीच्या आवक टेबलावर देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का मारायला नाही म्हणाले तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. आणि सोलरवाल्याचे निदान २०-२५ हजार रुपये मीटर लागेपर्यंत हातात ठेवा. बँकेलाही सांगा की सगळी रक्कम एकदम सोडू नका. मी हे केले असते तर तो मे महिन्यात माझ्या आधी कचेरीच्या दारात बसलेला असता.

मी सप्टेंबरमध्ये भरपाईचा अर्ज दिला. २० मार्चची तारीख धरली तर मुदत ४ एप्रिलला संपली, तिथून ९ जुलैपर्यंत ९६ दिवस, ४८ हजार रुपये. कचेरीचीच १२ मे ही तारीख धरली तरी मुदत २७ मे, पुढे ४३ दिवस, २१ हजार ५००. दोन्ही हिशेब अर्जात मांडले आहेत. कचेरीकडून उत्तर आले नाही, म्हणून वीज ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे तक्रार दाखल केली आहे. तिथे वकील लावावा लागत नाही, मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. तिथे नाही भागले तर पुढे वीज लोकपाल आहे, नागपूरलाही बसतो.

निकाल काय लागेल ते लागेल. पण एकट्याची तक्रार म्हणजे एका माणसाची कटकट. त्याच तालुक्यातल्या पन्नास छपरांच्या पन्नास तारखा एका कागदावर मांडल्या तर ते वेगळे दिसते. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्या घरावर प्लेटा चढून पडून आहेत किंवा पडून होत्या, त्यांनी चार गोष्टी लिहून आणाव्यात: अर्जाची तारीख, प्लेटा चढल्याची तारीख, कागद दाखल केल्याची तारीख आणि मीटर लागल्याची तारीख. ज्यांना सौरपंपाचे पैसे भरून रांगेत ठेवले आहे त्यांनीही भरलेल्या पावतीची झेरॉक्स आणावी. नियम वेगळे आहेत, पण तीही यादी एकदा झाली पाहिजे. माझा तक्रार अर्ज आणि त्यातला हिशेब मी पाच-पंचवीस प्रती काढून आणतो. नाव आणि तारखा बदलून वापरता येईल.